पिकअपचे टायर आणि कमानपाटे : मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या दोन पिकअप आहेत. हंगामात सेलू-मानवतचा कापूस, वसमतची हळद, जालन्याची सळई, मिळेल ते भाडं मारतो; उन्हाळ्यात पाणी. पंधरा वर्षांत टायर आणि पाट्यांवर (गाडीचं वजन तोलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या, म्हणजे लीफ स्प्रिंग) जो पैसा गेला त्यातला निम्मा तरी वाचला असता, असं आता हिशेब मांडल्यावर दिसतं. नवी गाडी घेतलेली पोरं फोन करून जे विचारतात, तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत.

गाडी जड मालासाठी तयार करायची आहे. आधी टायर बदलू की पाटे वाढवू?

आधी वजनकाट्यावर जा. गाडीवर प्रत्यक्षात किती वजन पडतं हे माहीत नसताना टायर घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल आणणं. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि माल-माणसांसकट जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं त्यात ड्रायव्हर, हमाल, ताडपत्री, दोर, स्टेपनी आणि तुम्ही नंतर बसवलेला लोखंडी सांगाडा हे सगळं येतं. हौद्याला जाळी, वर कॅरिअर, मागे जाड फाळका असं करत करत दीड-दोनशे किलो कधी वाढतात ते कळतही नाही. तेवढा माल आपोआप कमी झाला.

काट्यावर नेमकं काय बघायचं?

नेहमीचा माल भरून दोन वेळा वजन घ्या. एकदा अख्खी गाडी. मग पुढची चाकं काट्याच्या खाली उतरवून फक्त मागची चाकं वर. काटा आणि पुढची जमीन एका पातळीत असली पाहिजे, उतारावर आकडा चुकतो.

समजा अख्खी गाडी ३,३०० किलो भरली आणि नुसती मागची बाजू २,२५० किलो. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर १,१२५ किलो. मालाचं एकूण वजन नियमात असूनही मागचे टायर मेटाकुटीला आलेले असू शकतात, कारण पिकअपच्या हौद्याचा बराचसा भाग मागच्या ॲक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) वर आणि त्याच्याही मागे असतो.

माल कोणता यावर हे फार अवलंबून आहे. कापूस भरला तर हौदा शिगोशीग दिसतो पण वजन कमी, त्रास होतो तो उंचीचा आणि वाऱ्याचा. सळई उलट. हौद्यात तळाला चार बोटं थर दिसतो आणि टन होऊन जातो, वर तिची टोकं मागे लोंबतात. मग पुढची बाजू हलकी होते आणि स्टेअरिंग हातात नसल्यासारखं वाटतं. कट्ट्यांचा हिशेब सोपा : ५० किलोचे ३० कट्टे म्हणजे दीड टन. हमालाने "अजून पाचच टाकतो" म्हटलं की अडीचशे किलो वाढले हे लक्षात ठेवा.

टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे?

मापापासून सुरू करू. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे सरळ आडवे असलेला टायर), आणि डिस्क, म्हणजे टायर चढतो ती लोखंडी चकती, १५ इंची. ७.०० आर १५ हे जुन्या पद्धतीचं माप, त्यात रुंदी इंचात असते. पुढे एलटी अक्षरं असतील तर टायर हलक्या मालवाहू गाडीसाठी बनवलेला आहे. तेच माप कारच्या टायरमध्येही मिळतं, दिसायला सारखंच आणि भावाला स्वस्त. पिकअपला तो घेऊ नका.

मापानंतर ११२ किंवा ११६/११४ असा आकडा असतो. लोकांचं लक्ष ब्रँडवर असतं, पण मला विचाराल तर टायरवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. हा भार निर्देशांक. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०, १२० म्हणजे १,४००. दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाडीसाठी. वरच्या उदाहरणात टायरवर १,१२५ किलो येत होते. तिथे ११२ चा टायर पाच किलोंनी कमी पडतो, ११६ चा घेतला तर सव्वाशे किलोंची मोकळीक राहते. ती लागतेच, कारण माल कधीच डावी-उजवीकडे सारखा बसत नाही आणि खड्ड्यात गेलेल्या चाकावर क्षणभर कितीतरी जास्त भार येतो.

त्याच्या शेजारचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. पिकअपला वेगाच्या अक्षराची चिंता नको.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. आठ पीआर, दहा पीआर, बारा पीआर हे ताकदीचे दर्जे आहेत, आत तेवढे थर असतातच असं नाही. पीआर वाढला की टायर जास्त हवा धरू शकतो आणि त्या हवेवरच जास्त वजन पेलतो. बारा पीआरचा टायर घेऊन त्यात आठ पीआरची हवा ठेवली तर पैसे वाया.

चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३२५ म्हणजे २०२५ सालातला २३ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला दोन-तीन वर्षांचा टायर "नवाच आहे" म्हणून गळ्यात मारतात. नक्षी नवी असते, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. आयएसआय चिन्हही बघा. मालवाहू गाडीच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे.

नायलॉन घ्यावा की रेडियल?

पक्क्या रस्त्यावर रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला रेडियल. तो कमी तापतो, जास्त चालतो, डिझेलही थोडं वाचवतो. आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या वर जातो, तिथे कमी तापणं ही साधी गोष्ट नाही.

नायलॉन म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत नायलॉनच्या तिरप्या धाग्यांचे थर असलेला टायर. त्याची बाजू जाड असते. वीटभट्टी, खडी क्रशर, मुरमाची खाण अशा ठिकाणी दिवसभर हळू चालणाऱ्या गाडीला तो अजूनही चांगला, कारण दगडाची धार बाजूला लागून रेडियल चिरतो. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नको, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते.

ट्यूबलेस चालेल का? शेतात जावं लागतं.

चालेल, आणि डिस्क ट्यूबलेसची असेल तर तोच घ्या. बाभळीचा काटा घुसला की ट्यूबची हवा व्हॉल्व्हच्या भोकातून भसकन जाते, ट्यूबलेसची सावकाश जाते. भरल्या गाडीत हा फरक जिवाचा आहे. ट्यूबच्या डिस्कवर ट्यूबलेस टायर नुसता चढवून मात्र चालत नाही.

शेतातला खरा शत्रू काटा नाही, धसकट आहे. तूर कापल्यावर राहिलेली धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट तिरके कापलेले असतात, वाळले की भाल्यासारखे कडक. ते नक्षीत घुसत नाहीत, टायरच्या बाजूत घुसतात, आणि बाजूचं पंक्चर टिकाऊ निघत नाही. पाळी घातलेल्या पट्ट्यातून किंवा बांधाच्या कडेने गाडी न्या. माल भरण्यासाठी गाडी पिकाच्या ओळींना आडवी घालू नका, पन्नास पावलं हमालांनी चाललेली परवडतात.

बटन टायर घेऊ की रेघांचा?

बटन म्हणजे उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा, रेघांचा म्हणजे लांब सरळ खोबणींचा. पुढे रेघांचा, मागे मिश्र नक्षीचा. बहुतेकांचं काम यात भागतं. पूर्ण बटन टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी धरतो.

राहिली पावसाळ्यातली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते, दोन फेऱ्यांत नक्षीच्या खोबणी भरून टायर गुळगुळीत करून टाकते. त्या चिखलात बटनसुद्धा तेवढाच चालतो, जेवढ्या त्याच्या खोबणी रुंद आणि मोकळ्या असतील. दोनच चाकांना इंजिनची ओढ असलेली भरली गाडी काळ्या रानात पावसात घालणं मला पटत नाही. माल ट्रॅक्टरने सडकेपर्यंत आणा.

एक माप मोठे टायर टाकले तर गाडी जास्त वजन ओढेल ना?

नाही. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३४. सव्वाचार टक्के मोठा. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला, मांजरसुंब्याच्या घाटात जिथे दुसऱ्या गिअरवर गाडी चढायची तिथे पहिला टाकावा लागेल. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या वर असेल. ब्रेकला जास्त जोर लागतो, पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो. जास्त भार पेलणारा टायर हवा असेल तर त्याच मापात वरच्या निर्देशांकाचा घ्या.

हवा किती ठेवायची?

दाराच्या खांबावरचा स्टिकर किंवा गाडीबरोबरचं पुस्तक बघा. त्यात रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते, पुढची-मागची पण वेगळी. हवेवाल्याला "टाक साठ" म्हणणं हा अंदाज झाला. टायरवर जो आकडा असतो तो त्याची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवी ते नाही.

हवा मोजायची ती थंड टायरमध्ये, गाडी किमान तीन तास उभी असताना. पहाटे निघण्याआधी मोजणं सगळ्यात चांगलं. स्वतःचं मीटर घ्या, पाना ठेवता तसं गाडीत ठेवा. साठ-पासष्ट पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेल्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण अडीच पीएसआयने वाढते. पहाटे २५ अंश आणि दुपारी ४३ अंश म्हटलं तर नुसत्या उन्हानेच चार-पाच पीएसआय वाढतात, धावण्याची उष्णता वेगळी. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेली असते. इथेच आपली माणसं चुकतात. दुपारी ढाब्यावर थांबून "हवा जास्त झाली, फुटेल" म्हणून काढून टाकतात. टायर थंड झाल्यावर ती हवा कमी भरते, आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर भरल्या मालाखाली दर फेऱ्याला चेपतो. चेपला की तापतो, तापला की आतला तारांचा थर रबरापासून सुटतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मे महिन्यात जिंतूर रस्त्यावर भर दुपारी हळदीचे कट्टे भरलेले असताना मागचा डावा टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या बाभळीला टेकून उभी राहिली म्हणून आम्ही दोघं वाचलो. टायर डिस्कवरून काढला तर आतून काळा भुगा निघाला, बारीक, मुठीत येईल एवढा. बाजूच्या आतल्या अंगाला हात फिरवला तर सगळीकडे गोलाकार सुरकुत्या. पंक्चर काढणारे म्हातारे चाचा तो भुगा बोटांत चोळून म्हणाले, "हा आज नाही फुटला, महिनाभर फुटतोय." आदल्या महिन्यात रोज दुपारी मी हवा काढत होतो.

तेव्हापासून टायर कधीही डिस्कवरून उतरला की आत हात घालून बघतो. भुगा लागला तर तो टायर पुन्हा चढवत नाही, बाहेरून कितीही नवा दिसो.

रिकाम्या परतीला मागे पासष्ट पीएसआय ठेवून पावसात पळू नका. टायर दगडासारखा असतो, रस्त्याला मधला पट्टाच टेकतो आणि गाडीची शेपूट सरकते. लांबचा रिकामा प्रवास असेल तर पुस्तकातल्या रिकाम्या गाडीच्या हवेवर आणा, भरण्याआधी पुन्हा भरा. नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, पण महिन्यातून दोनदा साधी हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही.

पाटे वाढवले तर किती माल जास्त भरता येतो?

शून्य किलो.

हे ऐकून माणसं नाराज होतात, म्हणून नीट सांगतो. वजन हौद्यातून चेसिसवर (गाडीच्या खालच्या पोलादी चौकटीवर), चेसिसवरून पाट्यांवर, पाट्यांवरून हाउसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचावर), तिथून बेअरिंगवर, डिस्कवर आणि टायरवर जातं. ही साखळी आहे. पाटे म्हणजे त्यातली एक कडी. ती जाड केली म्हणून बाकीच्या कड्या जाड झाल्या नाहीत. बेअरिंग तेच, हाउसिंग तेच, ब्रेकचे लायनर तेच.

पण एक गोष्ट मात्र बदलते. पाटे कंपनीचे असतात तेव्हा जास्त माल भरला की गाडी मागून बसते, पाटे सपाट होतात, हौदा रबरावर टेकतो, रस्त्यावरचं लहान पोरगंसुद्धा म्हणतं "मामा, गाडी बसली." ते बसणं हा गाडीचा शब्द आहे. पाटे वाढवले की गाडी बसत नाही. दोन टन भरा, अडीच भरा, गाडी ऐटीत उभी. माल तेवढाच जड असतो, फक्त डोळ्यांना दिसणं बंद होतं.

वर सांगितलेला टायर फुटला त्याच्या आधीच्या दिवाळीला मी प्रत्येक बाजूला दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले होते. दुकानदार म्हणाला, काही होत नाही, सगळेच टाकतात. सहा महिने मी खूश होतो. मग टायर गेला, पाठोपाठ उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं, आणि पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला केसाएवढी चीर दिसली. पाटे कडक झाले की खड्ड्याचा दणका पाटे गिळत नाहीत, तो सरळ चेसिसला जातो.

मग पाट्यांचं काम करायचंच नाही का? करायचं, पण नियमातलंच वजन रोज वाहताना गाडी बसत असेल, झुलत असेल, किंवा पाटे म्हातारे झाले असतील तेव्हा. वजन तेच ठेवून गाडी ताब्यात आणायची, यासाठी पाटे.

संख्या वाढवू की जाड पाटे टाकू?

एकाच जाडीचे सहा पाटे असतील आणि त्याच जाडीचा सातवा घातला, तर कडकपणा साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. जाडीचं गणित वेगळंच आहे. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक. शिवाय सगळा गठ्ठा एकत्र वाकतो तेव्हा तेवढ्याच वाकाला जाड पाट्यावर ताण जास्त येतो, म्हणून पातळ पाट्यांत घुसवलेला एकच जाड पाटा बरेचदा आधी तुटतो. "जाड टाकला तरी तुटला" अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण हे.

माझा सल्ला : कंपनीच्या जाडीचेच पाटे, आणि गरज असेल तर हेल्पर. हेल्पर पाटे रिकाम्या गाडीला लागत नाहीत, ठरावीक वजनाच्या पुढे गाडी बसली की त्यांच्यावर भार येतो. त्यामुळे रिकामी गाडी उधळत नाही आणि भरलेली डुलत नाही.

काम करून घेताना यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) नवे घ्या, जुने ताणलेले असतात. घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकत असताना नाही, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घ्या. हे पुन्हा आवळणं शंभरातले नव्वद लोक विसरतात. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळी ओढ पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर येते, तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी धावते. मागून चालणाऱ्या गाडीवाल्याला ते आधी दिसतं.

जुन्या पाट्यांना ठोकून कमान चढवून घेतली तर?

थोडे दिवस चालतं. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे ते तापवून विझवून कडक केलेलं असतं, त्या पाण्यावर त्याची लवचीकता. भट्टीत लाल करून वाकवला आणि नीट पाणी न देता बसवला तर तो मऊ पडतो नाहीतर काचेसारखा तडकतो. थंड ठोकलेला त्यापेक्षा बरा, पण भारी मालाला सहा महिन्यांत पुन्हा सपाट. तडकलेला पाटा वेल्डिंग करून देणाऱ्या दुकानात परत जाऊ नका.

शॉकअप बदलले तर गाडी कमी बसेल का?

शॉकअप वजन पेलत नाही. पाटा दाबला जाऊन परत उसळी मारतो, ती उसळी तो एक-दोन झुल्यांत थांबवतो, एवढंच त्याचं काम. पण ते काम आपल्याकडे फार पडतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर शॉकअपला क्षणाचीही उसंत नाही, आतलं तेल तापतं, सील जातं.

तपासायला सोपं : दांड्यावर ओलं तेल आणि त्याच्यावर धुळीचा थर दिसला की गेला. टायरवर हात फिरवला आणि ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले तरी शॉकअपवर संशय घ्या. चारही बदलायला पैसे नसतील तर एका ॲक्सलचे दोन्ही बदला, एकच कधी नाही. हेल्पर टाकून गाडी वर आली असेल तर शॉकअपची लांबी पुरते का ते बघा, नाहीतर तो पूर्ण ताणूनच उभा राहतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात त्याची कडी तुटते.

मागे हवेची बॅग किंवा रबरी बफर?

पाट्याच्या वर बसणारी रबराची किंवा हवेची मदत चांगली असते, जर ती त्याच गाडीसाठी बनवलेली असेल. दोन्ही बाजूंची हवा सारखी ठेवावी लागते. कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत ठोकून बसवतात ते रबर मला आवडत नाही, स्प्रिंगचे काही वेढे बांधले जातात आणि बाकीच्यांवर सगळा ताण येतो.

पाटे बदलल्यापासून मागचा ब्रेक कमी लागतो असं वाटतं. भास आहे का?

भास नसावा. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगपासून चेसिसपर्यंत एक छोटी दांडी किंवा स्प्रिंग असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली. गाडी किती बसली यावरून तो व्हॉल्व्ह मागे किती माल आहे ते ओळखतो आणि तेवढाच ब्रेक मागे सोडतो. तुम्ही पाटे कडक केले, गाडी बसेना. व्हॉल्व्ह समजतो की हौदा रिकामा आहे, आणि दीड टन माल असताना मागच्या ब्रेकला तेल कमी सोडतो.

मराठवाड्यात हजारो पिकअपचे पाटे वाढवलेले असतील, आणि ती दांडी पुन्हा बसवून घेणारा मला आजवर क्वचितच भेटला. कृपा करून हे एवढं करा. पाट्यांचं काम झालं की त्याच दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्हची सेटिंग तपासून घ्या. हेडलाइटही बघून घ्या, मागची उंची बदलली की उजेडाची जागा बदलते.

उन्हाळ्यात पाण्याची टाकी ठेवतो. त्यासाठी काही वेगळं?

पाण्याचा हिशेब लपत नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, वर टाकी आणि मोटर. बहुतेक पिकअपला हे नियमाबाहेर जातं. तहानलेलं गाव समोर असताना अर्धी टाकी भरणं जड जातं हे मला ठाऊक आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मीही खेपा मारल्या आहेत. तरीही एक मोठी खेप करण्यापेक्षा दोन लहान करा.

वजनापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे हलणारं पाणी. अर्धी टाकी असताना वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि ब्रेक मारल्यावर पुढे. गाडी थांबल्यानंतरही धक्का येतो. एका मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन लहान टाक्या ठेवा, काठोकाठ भरा, आणि रिकामी करताना एकेक पूर्ण रिकामी करा. टाकी केबिनला टेकवून बांधा. या कामाला चांगले शॉकअप आणि हेल्पर दोन्ही लागतात.

समृद्धी महामार्गावर पिकअपचे टायर फुटतात म्हणतात, काँक्रीटमुळे?

काँक्रीटला सगळा दोष देऊ नका. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, ना गाव, ना गतिरोधक, ना सिग्नल. जालन्याहून चढलं की टायरला थंड व्हायला मिनिटभरही मिळत नाही. आपल्या राज्य रस्त्यांवर कमी हवेचा टायर कसाबसा निभावतो, कारण दर दोन किलोमीटरला गाडी हळू होते. समृद्धीवर तोच टायर तासाभरात उघडा पडतो. मालवाहू गाडीला तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे, ती पाळा. दीड तासाने थांबा, उतरा, चारही टायरना हाताचा पंजा लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे नाहीतर ब्रेक धरून बसला आहे.

रिमोल्ड चालतो का?

रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला. मागे, चांगल्या कामाचा, कमी वेगाला. पुढे नाही. स्टेअरिंगच्या चाकावर रिमोल्ड लावून पाचशे रुपये वाचवणाऱ्याबरोबर मी गाडीत बसत नाही.

टायर कधी बदलायचा?

कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. टीडब्ल्यूआय लिहिलेल्या जागी खोबणीत छोटा उंचवटा असतो, नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरलाच बदलतो.

झिजण्याच्या तऱ्हेवरूनही गाडीचं दुखणं कळतं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा पुढचे जॉइंट. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदला.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. पाटे बदलून आरसीतलं वजन वाढत नाही. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो, तोही आपल्या खर्चाने. खरोखर रोज जास्त वजन वाहायचं असेल तर वरच्या क्षमतेची गाडी घ्या. हप्ता वाढेल, पण वरचेवर बेअरिंग आणि टायर बदलणं थांबेल.

पैसे मोजके आहेत. काय आधी करू?

हवेचं मीटर आणि काट्याच्या दोन पावत्या, खर्च हजाराच्या आत. मग मागचे दोन टायर, बरोबर निर्देशांकाचे. मग शॉकअप. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट त्याच्यानंतर, आणि हेल्पर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात, कारण पाटे टाकले की गाडी लगेच उंच दिसते.

स्टेपनी कशी असावी?

त्याच मापाची, त्याच निर्देशांकाची, आणि भरल्या गाडीएवढी हवा असलेली. गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीची हवा सहा-सहा महिने कुणी बघत नाही. आज गाडी घरासमोर उभी असेल तर खाली वाकून एकदा मोजून घ्या.